लपवलेली गोळी

लग्न ठरलं की मुलीची फिटची गोळी बंद होते. कधी आई सुचवते, कधी मामी, कधी मुलगी स्वतःच भिऊन ठरवते. सासरी पर्समध्ये स्ट्रिप सापडली तर काय सांगायचं? वर्षभरात एकदाही फिट आलेली नाही, मग आता गोळी हवीच कशाला, असा घरातला हिशेब असतो. त्यात हळदीच्या आदल्या रात्रीपासून झोप नाही, पोटात धड अन्न नाही, मनावर ताण. आणि मांडव उतरायच्या आत, कधी सत्यनारायणाच्या पाटावरच, नवरी कोसळते. जे झाकायचं म्हणून गोळी थांबवली, ते सगळ्या वऱ्हाडासमोर उघडं पडतं. मग लोक म्हणतात, बिचारीचं नशीब. यात नशिबाचा काही संबंध नाही. गोळी अचानक तोडली की फिट परत येऊ शकते, पूर्वीपेक्षा जोरात येऊ शकते, आणि कधी एकामागून एक येत राहून जिवावर बेतते, हे ती गोळी लिहून देणारा प्रत्येक डॉक्टर सांगत असतो. त्याचं ऐकलं जात नाही, कारण घरात त्याच्यापेक्षा ‘लोक काय म्हणतील’ हा आवाज मोठा असतो.

हे रोडपालीत बसून लिहावंसं वाटलं, त्याला कारण आहे. कळंबोलीला खेटून असलेलं हे जुनं गाव आता पनवेल महापालिकेत आहे. गावाभोवती सिडकोचे सेक्टर आणि टॉवर उभे राहिले. एका अंगाला तळोजा औद्योगिक वसाहत, दुसऱ्या अंगाला कळंबोलीचा लोखंड बाजार आणि ट्रक-ट्रेलरच्या रांगा. मूळच्या आगरी कुटुंबांच्या शेजारी सातारा, सांगली, जळगाव, बुलढाण्याची माणसं राहायला आली, उत्तर प्रदेश-बिहारची आली. गावात कुणाला फेफरं येतं ते वेशीपर्यंत ठाऊक असायचं. इथे समोरच्या फ्लॅटमध्ये काय चाललंय ते कळत नाही. झाकणं त्यामुळे सोपं झालं, आणि एकटं पडणंही. एरवी उपचारांच्या बाबतीत हा भाग मुळीच दरिद्री नाही. कामोठ्याला एमजीएमचं मोठं रुग्णालय आहे, पनवेलला उपजिल्हा रुग्णालय आहे, आणि मोठ्या तपासणीची वेळ आलीच तर परळचं केईएम एका दिवसात जाऊन येण्यासारखं आहे. मेळघाटातल्या किंवा गडचिरोलीतल्या आईला दवाखान्याचं अंतर आडवं येतं. इथल्या आईला आडवी येते ती लाज.

फिट येण्याचा हा आजार, म्हणजे अपस्मार, नेमका काय आहे ते आधी नीट समजून घेऊ. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी अतिसूक्ष्म विद्युत संदेशांनी बोलतात. त्यांतला एखादा समूह काही क्षण ताळतंत्र सोडून एकदम संदेश सोडू लागला की फिट येते. हा गोंधळ साऱ्या मेंदूत पसरला तर माणूस बेशुद्ध होऊन पडतो, अंग ताठ होतं, हातपाय झडू लागतात, जीभ चावली जाते, कपड्यात लघवी होते. हे दृश्य सगळ्यांना माहीत असतं. पण गोंधळ मेंदूच्या एका भागापुरताच राहिला, तर माणूस पडत नाही. तो एकटक बघत राहतो, ओठ चाटल्यासारखे हलवतो, शर्टाची बटणं चाचपत बसतो, आणि दोन मिनिटांनी त्याला काहीच आठवत नाही. लहान मुलांत आणखी एक प्रकार असतो. मूल बोलता बोलता काही सेकंद थांबतं, नजर गोठते, आणि पुन्हा बोलू लागतं. असं दिवसातून कितीतरी वेळा होतं. शाळेत बाई म्हणतात, ‘लक्ष कुठे असतं तुझं?’ घरी फटका मिळतो. त्या मुलाला गरज असते ती ईईजीची. मेंदूतल्या विजेचा हा आलेख माणसाच्या डोक्यावरून पहिल्यांदा 1924 साली जर्मनीत हान्स बर्गर यांनी घेतला. त्यालाही शंभर वर्षं होऊन गेली.

कारणं अनेक आहेत आणि त्यांतली बरीचशी टाळता येण्यासारखी आहेत. जन्मताना बाळाला प्राणवायू कमी पडणं, मेंदूज्वर, क्षयाची गाठ, पक्षाघात, डोक्याला मार. सायन-पनवेल रस्त्यावर हेल्मेट न घालता पडलेला पोरगा टाके काढून घरी येतो आणि त्याची पहिली फिट कधी काही महिन्यांनी, कधी काही वर्षांनी येते. आपल्याकडे एक कारण फार दुर्लक्षित आहे. डुकराच्या मांसातून माणसाच्या पोटात शिरणाऱ्या टेपवर्मची अंडी माणसाच्या विष्ठेतून बाहेर पडतात, सांडपाण्यातून भाजीवर येतात, आणि नीट न धुतलेल्या कोथिंबिरीतून, काकडी-मुळ्यातून जन्मभर शाकाहारी असलेल्या माणसाच्याही पोटात जातात. तिथून अळ्या मेंदूपर्यंत पोहोचून गाठी करतात. पूर्वजन्मीचं पाप शोधत बसण्यापेक्षा भाजी कोणत्या पाण्यात वाढली आणि कशी धुतली, हे विचारायला हवं. आणि सहा महिने ते पाच वर्षांच्या बाळाला तापात आलेली आकडी हा बहुतेक वेळा अपस्मार नसतो. तेवढ्यावरून त्या मुलाच्या कपाळी शिक्का मारू नये.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सुमारे 5 कोटी लोकांना अपस्मार आहे. नीट निदान आणि नीट औषध मिळालं तर त्यांतले सुमारे 70 टक्के फिटविना जगू शकतात. शंभरातले सत्तर! मधुमेहाला किंवा रक्तदाबाला गोळी कायमची लागते, तरी त्यांच्याबद्दल आपण चहा पिता पिता बोलतो. अपस्मारात अनेकांची गोळी काही वर्षं फिटविना गेल्यावर डॉक्टरच्या सल्ल्याने हळूहळू कमी करून बंदही करता येते, आणि त्याच्याबद्दल मात्र दार लावून कुजबुजतो. फेनोबार्बिटल 1912 पासून वापरात आहे, फेनिटोइन 1938 पासून. ही जुनी औषधं महागही नाहीत. औषध आहे, पैसे फार लागत नाहीत, दवाखाना जवळ आहे, तरी माणूस फिट घेऊन जगतो, याला मी सामाजिक अपराध म्हणेन.

या अपराधात कायद्याचाही काही काळ वाटा होता. 1955 च्या हिंदू विवाह कायद्यात मुळात अपस्माराचं नाव नव्हतं. 1976 च्या दुरुस्तीत ते घातलं गेलं. वेडाचे किंवा अपस्माराचे वारंवार झटके येणारी व्यक्ती विवाहाला अपात्र, असं कलम 5 मध्ये लिहिलं गेलं. विशेष विवाह कायद्यातही तसंच झालं. मेंदूच्या विद्युत गोंधळाला वेडाच्या शेजारी बसवण्याचं काम देवऋष्याने केलं असतं तर समजलं असतं. ते आपल्या संसदेने केलं, आणि तेही अपस्मारावरची चांगली औषधं दवाखान्यात मिळत असताना. डॉक्टर आणि रुग्णांच्या संघटना त्याविरुद्ध बोलत राहिल्या, तरी तो शब्द काढायला 1999 चा डिसेंबर उजाडावा लागला. 23 वर्षं या देशातल्या फिट येणाऱ्या मुलीच्या आईबापांना कायदाच सांगत होता की लपवा. आज ज्या आज्या ‘हे कुठे बोलायचं नाही’ असं नातीला बजावतात, त्या त्याच काळात लग्न करून आलेल्या आहेत. त्यांची भीती हवेतून आलेली नाही.

न्यायालयांनी मात्र तुलनेने शहाणपण दाखवलं. सत्तरच्या दशकाच्या सुरुवातीला, दुरुस्तीच्या आधी, मुंबई उच्च न्यायालयापुढे एका पतीची तक्रार आली होती. बायकोचा अपस्मार लग्नाआधी सांगितला नाही, म्हणून लग्न रद्द करा, अशी. उपचाराने आटोक्यात येणारा आजार न सांगणं ही विवाह रद्द करण्याइतकी फसवणूक ठरत नाही, असं न्यायालयाने त्या वेळच्या कायद्याप्रमाणे ठरवलं. आणि अगदी अलीकडे, 2023 साली, नागपूर खंडपीठाने पत्नीच्या अपस्मारावरून घटस्फोट मागणाऱ्या पतीला नकार देताना स्पष्ट म्हटलं की हा आजार असाध्य नाही आणि तो मानसिक विकारही नाही. कुटुंब न्यायालयानेही आधी त्याला नाहीच म्हटलं होतं. महाराष्ट्रातल्या प्रत्येक विवाह मंडळाच्या भिंतीवर हा निकाल लावावा, इतका तो महत्त्वाचा आहे.

आता कुणी म्हणेल, मग लपवलं तरी काय बिघडलं? न्यायालय आपल्या बाजूने आहे ना? इथे सावध व्हायला हवं. 1976 नंतर कलम 12 मध्ये महत्त्वाच्या वस्तुस्थितीबद्दल फसवणूक हाही विवाह रद्द मागण्याचा आधार झालेला आहे, आणि प्रत्येक घराचं भांडण वेगळं असतं. पण कोर्टकचेरीपेक्षा मला काळजी वाटते ती त्या मुलीच्या शरीराची. नवीन घरात तिला गोळी चोरून घ्यावी लागते. सकाळी सासूबाई स्वयंपाकघरात असतात म्हणून आठची गोळी अकराला, कधी दुसऱ्या दिवशी. हरतालिकेचा निर्जळी उपास आणि जागरण, ‘मला चालणार नाही’ हे कारण न सांगता कसं टाळायचं? झोपमोड हे फिट येण्याचं मोठं निमित्त आहे. गॅसपुढे एकटी उभी असताना फिट आली तर भाजते. न्हाणीघराची कडी आतून लावलेली असली तर दार फोडावं लागतं. घरात माहीत असेल तर कडी न लावता आंघोळ करता येते, भाकऱ्या दुसरं कुणी भाजतं. इतका साधा बंदोबस्त केवळ एका वाक्याअभावी होत नाही.

आणि मग दिवस राहतात. अपस्मारावरच्या औषधांपैकी व्हॅल्प्रोएट हे गर्भातल्या बाळाला अपाय करू शकतं, म्हणून मूल होण्याच्या वयातल्या स्त्रीच्या बाबतीत डॉक्टर आधीच औषध बदलण्याचा विचार करतात, फॉलिक ॲसिड सुरू करतात, मात्रा जुळवून घेतात. काही गोळ्या गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणामही कमी करतात. हे सगळं गरोदर राहण्याच्या आधी करायचं असतं, नवऱ्याला बरोबर घेऊन करायचं असतं. ज्या नवऱ्याला आजारच माहीत नाही, त्याच्यासोबत हे कसं करणार? दिवस गेल्याचं कळल्यावर घाबरून एका दिवसात गोळी फेकून देणारी बाई स्वतःचा आणि बाळाचा, दोघांचा जीव धोक्यात घालते. नीट देखरेखीखाली मात्र अपस्मार असलेल्या बहुतेक स्त्रियांना निरोगी बाळं होतात, त्या बाळाला अंगावर पाजतात, संसार करतात. ‘मुलांनाही होईल’ ही भीतीही वास्तवापेक्षा कितीतरी मोठी करून सांगितली जाते.

याहून वाईट एक समजूत आहे. लग्न केलं की फिट जाते म्हणे. ही समजूत पसरवणारे लोक नंतर त्या मुलीच्या दारात कधी फिरकतात का? लग्न हे औषध नाही. उलट नवं घर, नवी दिनचर्या, झोपेची ओढाताण, यांमुळे पहिले काही महिने काळजी अधिकच घ्यावी लागते.

‘सांगितलं तर लग्नच होणार नाही’ या आक्षेपाला मी हलकं लेखत नाही. काही स्थळं मोडतात, हे खरं आहे. मोडू द्यावीत. जे घर एका गोळीच्या उल्लेखाने पाठ फिरवतं, ते पुढे गर्भपाताच्या वेळी, कावीळ झाल्यावर, नोकरी गेल्यावर काय करणार होतं? सांगायचं कधी, हा प्रश्न आहे. पत्रिकेबरोबर आजाराची जाहिरात करायची गरज नाही. दोघं एकमेकांना पसंत पडली, बोलणी पुढे सरकली, की साखरपुड्याच्या आधी मुलीने स्वतः मुलाला सांगावं, आणि मग दोघांनी मिळून तिच्या डॉक्टरकडे जावं. मुलाच्या मनातले प्रश्न डॉक्टरला विचारू द्यावेत. आणि एक गोष्ट ठाम सांगतो, आजार सांगितला म्हणून हुंड्याचा आकडा वाढवायचा नाही, ‘आम्ही पदरात घेतोय’ या भाषेवर गप्प बसायचं नाही. प्रबोधनकार ठाकरे या पनवेलात 1885 साली जन्मले. हुंड्याविरुद्ध ते रस्त्यावर उतरून लढले आणि 1921 मध्ये त्यांनी ‘प्रबोधन’ सुरू केलं. त्यांच्या गावात मुलीचा मेंदूचा आजार हा सौद्याचा मुद्दा व्हावा, हे आपल्याला शोभत नाही.

मुलांचा आजारही लपवला जातोच. फक्त त्याची शिक्षा मुलगा भोगत नाही, सून भोगते. ‘तुझ्या पायगुणाने याला फिट येऊ लागली’ हे तिला ऐकावं लागतं, आणि औषधाची जबाबदारी न सांगता तिच्यावर येते. कळंबोलीच्या ट्रान्सपोर्टमध्ये तर पुरुषाच्या लपवण्याला आणखी एक कडा आहे. वाहन परवान्याच्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्रात अपस्मार किंवा अचानक शुद्ध हरपण्याबद्दल सरळ प्रश्न असतो. चालक तिथे ‘नाही’ लिहितो, कारण ‘हो’ लिहिलं तर चूल विझते. रस्त्यावरच्या इतरांचा जीव पाहता तो नियम योग्य आहे, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. पण मालकाने त्या माणसाला गोदामात, काट्यावर, बुकिंगच्या टेबलावर काम दिलं तर तो खोटं का लिहील? तळोज्याच्या कंपन्यांत रात्रपाळी न लावता, उंचीवर किंवा उघड्या यंत्रापाशी उभं न करता, असा कामगार वर्षानुवर्षं उत्तम काम करू शकतो. रोजगार वाचेल याची खात्री दिल्याशिवाय प्रामाणिकपणाची अपेक्षा करणं अन्यायाचं आहे.

रस्त्यात कुणाला फिट आली की आपले लोक चप्पल हुंगवतात, कांदा फोडून नाकाशी धरतात, हातात किल्ल्यांचा जुडगा कोंबतात. फिट बहुतेक वेळा दोन-तीन मिनिटांत आपोआप थांबते, आणि श्रेय चपलेला मिळतं. कुणी दातांत चमचा घालतो, त्याने दात तुटतात. कुणी छातीवर बसून हातपाय दाबतो. यांतलं काहीही करू नये. आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात, डोक्याखाली काही मऊ ठेवावं, गळ्याशी घट्ट असेल ते सैल करावं, झटके ओसरू लागले की कुशीवर वळवावं म्हणजे लाळ आणि उलटी श्वासनलिकेत जात नाही. घड्याळ बघावं. पाच मिनिटं झाली तरी थांबत नसेल, किंवा शुद्धीवर यायच्या आत दुसरी आली, तर 108 ला फोन करावा. शुद्ध पूर्ण येईपर्यंत तोंडात पाणीसुद्धा घालू नये. आणि तो उठून बसला की गर्दी पांगवावी. त्याला सगळ्यात जास्त लाज त्या क्षणी वाटत असते.

फिटला ‘बाहेरचं आहे’ म्हणत अघोरी उपाय करणाऱ्यांविरुद्ध महाराष्ट्रात आता कायदा आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला, आणि त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर त्याच वर्षी आला. भूत उतरवण्याच्या नावाखाली दोराने बांधणं, चाबकाने मारणं, मिरचीची धुरी देणं, चपला भिजवलेलं पाणी पाजणं हे त्याखाली गुन्हे आहेत, आणि शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत आहे. या यादीतले किती प्रकार फिट येणाऱ्या माणसांवर झाले असतील याची कल्पना करूनच अंगावर काटा येतो. देवाला हात जोडणाऱ्या आईशी माझं भांडण नाही. तिने हात जोडावेत आणि गोळीही द्यावी. जुन्या परंपरेचा अभिमान असेल तर चरकसंहिता उघडावी. तिच्या निदानस्थानात आणि चिकित्सास्थानात अपस्मारावर स्वतंत्र अध्याय आहेत, म्हणजे वैद्यांनी हा विषय वैद्यकाचाच मानला होता.

ही लाज आणि हे गैरसमज एकट्या अपस्मारापुरते नाहीत. हात थरथरतो म्हणून खिशात घालून हिंडणारे आजोबा कंपवात घेऊन घरात बसतात. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, ते अशा लोकांना एकत्र आणतं, आणि ज्यांनी तिथे जायचं धाडस केलं त्यांचं एकटेपण कमी झालं. अंगावरून वारं गेलं की पहिले चार तास मालिशवाल्याच्या शोधात जातात. मेंदूतली गुठळी विरघळवणारं इंजेक्शन मात्र साधारण साडेचार तासांच्या आत, सीटी स्कॅन करूनच देता येतं. चेहरा एका बाजूला ओढला, हात उचलेना, बोलणं अडखळलं, की तडक मोठ्या रुग्णालयात न्यायचं. कुष्ठरोगही मुळात मज्जातंतूंचा आजार. बहुविध औषधांनी तो पूर्ण बरा होतो, तरी घटस्फोटाचं कारण म्हणून तो आपल्या कायद्यात 2019 पर्यंत बसून होता.

तेव्हा रोडपाली-कळंबोलीत काय करता येईल? 17 नोव्हेंबर हा राष्ट्रीय अपस्मार दिन असतो. त्या दिवशी इथल्या शाळांनी एक तास शिक्षकांसाठी ठेवावा, एकटक बघत राहणारं मूल कसं ओळखायचं आणि वर्गात फिट आली तर काय करायचं एवढंच शिकवावं. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला सोसायट्यांमध्ये एखादी स्त्री डॉक्टर बोलवावी. तिथे सासू आणि सून एकाच सतरंजीवर बसलेल्या असतात, त्यामुळे व्हॅल्प्रोएटची आणि गरोदरपणाची गोष्ट एकाच वेळी दोघींच्या कानी पडेल. गणेशोत्सव मंडळांनी विसर्जनाच्या वेळी तलावाकाठी आणि मंडपात उभ्या राहणाऱ्या स्वयंसेवकांना फिटचा प्रथमोपचार शिकवावा. आणि या मोसमात ज्यांच्या घरी लग्न ठरलेलं आहे, मुलगी किंवा मुलगा फिटची गोळी घेतो आहे, त्यांनी आज संध्याकाळी डॉक्टरची वेळ घ्यावी, होणाऱ्या जावयाला किंवा सुनेला बरोबर न्यावं, आणि तोपर्यंत एकही मात्रा चुकवू नये.